गुलाबी मनोऱ्यावर वचनं चिकटवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉन्टेसरी शाळांवर लेख आला आणि पाठोपाठ त्यावर दोन वाचकांची पत्रंही छापून आली. लेखकाचं म्हणणं असं, की मॉन्टेसरी ही एका डॉक्टरबाईने निरीक्षणातून उभी केलेली शास्त्रीय पद्धत आहे, तिच्यात धर्म आणला की ती भेसळच. पहिल्या पत्रलेखकाने त्याला मान डोलावली. दुसरे पत्रलेखक, बहुधा आमच्याच मंडळींपैकी कुणी, अभिमानाने लिहितात की आता आपल्या जिल्ह्यातही अमेरिकेतल्यासारख्या ‘ख्रिस्ती मॉन्टेसरी’ शाळा निघू लागल्या आहेत आणि ही देवाची कृपा आहे. मी विश्वासाने ख्रिस्ती, पेशाने बालवाडीची बाई. निवृत्त झाले, तरी मुलांपासून सुटका नाही. आमच्या मंडळीतली संडेस्कूलची लहान मुलं माझ्याकडे असतात. मला या तिघांपैकी कुणाचंच पटलं नाही, म्हणून लिहिते.

आधी लेखकांसाठी. मारिया मॉन्टेसरीने पहिलं बालगृह रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत उघडलं ते ६ जानेवारी १९०७ रोजी. हा दिवस म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला भेटायला आले त्याचा सण. बाई कॅथलिक होत्या, आणि त्या दिवशी कोणता सण आहे हे त्यांच्या मनात पुरेपूर होतं. पुढच्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १९०८ मध्ये, मेसिना शहर भूकंपात उद्ध्वस्त झालं. तिथल्या अनाथ मुलांना रोममध्ये फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या सिस्टरांच्या मठात आसरा मिळाला आणि त्या मठातच बाईंच्या पद्धतीचं बालगृह सुरू झालं. (या सिस्टरांचा संघ स्थापन झाला तो मात्र आपल्या उटीला, १८७७ मध्ये. जग लहान आहे.) टेबल मांडणं, ताटं वाढणं, बागकाम, आल्यागेल्याचं स्वागत या सगळ्या व्यवहारांना त्या मठात फार बहर आला. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी मुलांच्या पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे प्रभूची भाकर पहिल्यांदा घेण्याचं, वय खाली, सातच्या आसपास आणलं. आता इतक्या लहान मुलाला मिस्सा, म्हणजे ती भाकर देण्याची उपासना, समजावायची कशी, हा प्रश्न साऱ्या पॅरिशांपुढे उभा राहिला. बाईंनी बार्सिलोनात त्याचं उत्तर शोधलं. मुलांच्या मापाचं प्रार्थनास्थळ, हलक्या छोट्या खुर्च्या, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर पवित्र पाण्याचं भांडं. मुलांनी गहू पेरला, द्राक्षाचे वेल लावले, कापणी-तोडणी केली, आणि त्यातून वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस झाला. १९२२ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं, पुढे मुलांसाठी मिस्सा समजावणारं आणखी एक. तेव्हा धर्म हा या पद्धतीला मागाहून कुणी लावलेला शेंडा नाही. बाईंनी स्वतः तो विचार केला होता, हातांनी केला होता.

त्यांना संतपद द्यायचा माझा विचार नाही. मुसोलिनीचा आश्रय त्यांनी काही वर्षं घेतला होता, १९३४ च्या सुमारास तिथून बाहेर पडल्या, हे लपवून काय उपयोग? आणि चर्चनेही त्यांना सरळ कुशीत घेतलं असं नाही. १९२९ च्या परिपत्रकात पोप अकरावे पायस यांनी निसर्गवादी शिक्षणावर टीका केली. त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण मूल स्वतःहून चांगल्याकडे वळतं असं म्हणणाऱ्या बाईंकडे पुष्कळ धर्मगुरू संशयाने बघत होते. माणूस जन्मतःच पापी असतो या शिकवणीचं, मूळ पापाचं, काय, असा त्यांचा सवाल. आमच्या मंडळीतले वडीलधारेही मला हाच सवाल करतात, फक्त मराठीत.

नगरच्या वाचकांना एक गोष्ट सांगायलाच हवी. नोव्हेंबर १९३९ मध्ये बाई सर्व धर्मांत एकच सत्य शोधणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासला, अड्यारला आल्या. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली आणि एका रात्रीत त्या आणि त्यांचा मुलगा मारियो शत्रूदेशाचे नागरिक झाले. बाईंना अड्यारच्या आवारात राहायची मुभा मिळाली. मारियोला मात्र आणून ठेवलं आमच्या नगरच्या नजरकैदेच्या छावणीत. त्या ३१ ऑगस्टला बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्याच दिवशी व्हाइसरॉयची तार गेली की वाढदिवसाची भेट म्हणून तुमचा मुलगा तुम्हाला परत देत आहोत. आमच्या शहरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे, किल्ल्यात नेहरूंची खोली दाखवतात. या माणसाची आठवण कुठे नाही. बाई पुढे कोडाईकनालला राहिल्या, युद्ध संपल्यावर युरोपात गेल्या, पुन्हा आल्या, १९४९ पर्यंत आपल्या देशात शिक्षक घडवत राहिल्या. त्यांच्या वर्गांत हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती सगळे होते. थिऑसॉफिस्टांच्या अंगणात राहून त्या कॅथलिक राहिल्या, आणि त्यासाठी त्यांना वर्गातल्या कुठल्याच साहित्यावर क्रूस काढावा लागला नाही.

इथे मी दुसऱ्या पत्रलेखकांकडे वळते.

आमच्या भागात अशी एक शाळा आहे. नाव लिहीत नाही. नात तिथे घालायची का हे बघायला माझी एक मैत्रीण गेली आणि मला सोबत घेऊन गेली. फळीवर गुलाबी मनोरा होता. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा लाकडी ठोकळे, मोठ्यावर लहान असा मनोरा रचायचा. इथे त्या ठोकळ्यांवर रंगीत स्टिकर लावले होते : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढे. बायबलमध्ये पौलाने सांगितलेले हे सद्गुण, आत्म्याची फळं, नऊ आणि ठोकळे दहा, म्हणून दहाव्यावर शाळेचं बोधचिन्ह. मुख्याध्यापिका कौतुकाने म्हणाल्या, “खेळता खेळता वचन होतं.” आवाजाच्या पेटीवरच्या कार्डांवर देवदूत, वाळूकागदाच्या अक्षरांशेजारी मेंढरू. पालकांना आवडतं, त्यांनी सांगितलं.

मला त्यात दोन्हींचा अपमान दिसला. मनोऱ्याचे दहाही ठोकळे एकाच रंगाचे, एकाच लाकडाचे, एकाच घडणीचे का असतात? कारण बदलायचं एकच : माप. बाकी सगळं सारखं ठेवलं की तीन वर्षांच्या मुलाची नजर आणि हात त्या एका फरकावर जाऊन बसतात. चुकलं तर मनोराच सांगतो, शिक्षिकेला बोलावं लागत नाही. त्यावर नऊ रंगांचे नऊ कागद चिकटवले की मूल चित्र बघतं, माप सुटतं. आणि ‘सहनशीलता’ हा शब्द त्याला वाचताही येत नाही. म्हणजे ठोकळाही गेला आणि फळही. पौलाने गलतीकरांना लिहिलं ते मोठ्या, एकमेकांशी भांडणाऱ्या माणसांना लिहिलं होतं.

मग विश्वास आणि मॉन्टेसरी एकत्र येतात कुठे? याचं उत्तर माझ्या मते बाईंच्या पश्चात रोममध्येच दोन बायकांनी दिलं. सोफिया कव्हाल्लेत्ती ही हिब्रूची अभ्यासक, लहान मुलांशी तिचा काही संबंध नव्हता. १९५४ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाला बायबल शिकवायची तिला गळ पडली. नको नको म्हणत तिने उत्पत्तीचं पुस्तक उघडलं, आणि त्या मुलाचा आनंद बघून तिचं पुढचं सगळं आयुष्य बदललं. जान्ना गोब्बी ही मॉन्टेसरी शिक्षिका तिच्या जोडीला आली. २०११ मध्ये कव्हाल्लेत्ती गेली तोवर त्यांची ‘उत्तम मेंढपाळाची’ पद्धत देशोदेशी पोचली होती. त्या दोघींनी काय केलं? नेहमीच्या शाळेतल्या साहित्याला हात लावला नाही. त्यांनी निराळी खोली केली, आणि तिथे येशूच्या दाखल्यांतला मोहरीचा दाणा ठेवला, मोती ठेवला, खमीर घातलेलं आणि न घातलेलं असं दोन वाडग्यांत पीठ ठेवलं, छोटी वेदी ठेवली, लाकडी मेंढरं ठेवली. शास्त्रातला उतारा वाचायचा, वस्तू हळूच मांडायच्या, एखादा प्रश्न विचारायचा आणि मग मोठ्या माणसाने गप्प बसायचं. सहा वर्षांच्या आत दहा आज्ञा नाहीत, ‘खोटं बोलू नये’ नाही. आधी मेंढपाळ ओळखू दे, वागण्याचं नंतर. मूळ पापवाल्यांना हे झेपत नाही. मला वाटतं, शुभवर्तमानातला क्रमही असाच आहे : लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी येशू आधी उतरला, जक्कयाने पैसे परत द्यायचं नंतर ठरवलं.

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्याकडे वेदीचं स्थान निराळं, म्हणून मी सगळं जसंच्या तसं उचललं नाही. उपासनालयाच्या मागे एक खोली आहे, तिथे जुने बाक आणि नाताळच्या कमानीचे बांबू पडून होते. पाळकसाहेबांनी ती रिकामी करून दिली. कमी उंचीच्या फळ्या, चटया, पाण्याची कळशी. प्रभुभोजनाचं छोटं टेबल, त्यावर मापात शिवलेलं पांढरं कापड, एक पेला, एक ताटली. गावातल्या सुताराकडून मेंढरं करून घेतली, प्लायवूडची, सपाट, पाठीमागे ठोकळा लावून उभी राहणारी. त्याने विचारलं, डोळे रंगवू का? नको म्हटलं. हिरव्या रंगाची गोल फळी म्हणजे कुरण, भोवती कुंपण, त्याला एक फट.

योहानाचा दहावा अध्याय वाचला. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, ती त्याची वाणी ओळखतात, तो पुढे चालतो. मग मेंढरं एकेक बाहेर, पुन्हा आत. मी विचारलं, “ही मेंढरं कोण असतील गं?” आणि थांबले. कुणी काही बोललं नाही, बोलायला हवं असंही नव्हतं.

पुढे कधीतरी एका मुलाने तीच फळी काढून घेतली. त्याचं आजोळ पारनेरकडे, तिथे वावरात धनगरांची मेंढरं बसवतात. रात्रभर खत पडतं, धनगराला धान्य मिळतं. त्याने सगळी मेंढरं आत घेतली, आणि मेंढपाळाला उभा न करता कुंपणाच्या फटीत आडवा ठेवला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “रात्री तो हितंच झोपतो. मग लांडगा कुठून येईल?” त्या दिवशी मंडळीच्या पंचांपैकी एक जण वर्ग बघायला आले होते. ते पुढे झुकले, ‘मी मेंढरांचे दार आहे’ हे वचन त्याला सांगायला. मी हाताने थांबवलं. त्यांना राग आला, नंतर बोलूनही दाखवला. पण ते वचन त्या पोराने ऐकलेलं होतं, त्याच अध्यायात आहे. चार लाकडी तुकड्यांनी त्याने त्याचं विवरण केलं होतं आणि मी पुष्कळ प्रवचनांत इतकं नेमकं ऐकलेलं नाही. त्यावर आणखी काय चिकटवायचं?

दुसरी गोष्ट शांततेची. देवाच्या घरात गप्प बसा, हे आपण मुलांना दटावून सांगतो. मॉन्टेसरीबाईंच्या वर्गात शांतता हा खेळ असे : मुलं स्वतःहून हात-पाय-श्वास सावरून बसत, आणि मग दुसऱ्या खोलीतून बाई अगदी हळू, कुजबुजल्यासारखं एकेकाचं नाव घेत. ज्याचं नाव, त्याने आवाज न करता उठून जायचं. मी हे बालवाडीत वर्षानुवर्षं घेतलं, तिथे त्यात धर्माचा काही भाग नव्हता. आमच्या संडेस्कूलमध्ये त्याच खेळानंतर शमुवेलाची गोष्ट वाचली, रात्री मंदिरात झोपलेला मुलगा, त्याला नावाने हाक येते आणि तो धावत म्हाताऱ्या याजक एलीकडे जातो. खेळ तोच, काहीही न बदललेला. एका मुलीने नंतर विचारलं, “देव कुजबुजतो का मोठ्यानं बोलतो?” मी म्हटलं, मलाही ऐकायचंय.

पाठांतराची मी चेष्टा करणार नाही. माझ्या आईला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती, पण तेविसावं स्तोत्र येत होतं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं येत होती. तिच्या उशाशी बसून मी ती म्हटली आहेत. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, घरी संध्याकाळी पाठांतर असायचं. पण ते घरात सगळे मिळून म्हणत असू, त्याला गुण नव्हते. संडेस्कूलच्या स्पर्धेत ढाल असते, प्रथम-द्वितीय असतात, आणि आई-बाप मुलाला महिनाभर घोकवतात. मॉन्टेसरीबाईंनी एक प्रसंग लिहिला आहे. वर्गात चांगल्या मुलाला बक्षीस म्हणून गळ्यात घालायला क्रूस देत. तो मिळालेला मुलगा कामात इतका दंग की गळ्यातला क्रूस गळून पडला तरी त्याने लक्ष दिलं नाही; शिक्षा म्हणून बसवलेल्या दुसऱ्या मुलाला तो हवा होता, तो त्याने घेतला आणि खुशीत बसून राहिला. कामात असलेल्याला फिकीर नव्हती. बाईंनी यातून बक्षिसं बंद केली. मला दरवेळी वाटतं, बक्षीस म्हणून लटकवायला तिथल्या शिक्षिकेला क्रूसच सापडावा!

आता शाळेचा मुद्दा, कारण तो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दोन्ही पत्रलेखकांनी तो टाळला. त्या ‘ख्रिस्ती मॉन्टेसरी’त येणाऱ्या मुलांपैकी बरीचशी आमच्या मंडळींची नाहीत. ती आसपासच्या कॉलनीतली हिंदू, मुसलमान, जैन घरची मुलं आहेत. इंग्रजी आणि शिस्त यांसाठी येतात. घटनेचं कलम २८ सांगतं की सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय कुणा मुलाला त्यात बसवता येत नाही. खासगी बालवाडी कायद्याच्या या चौकटीत नेमकी कुठे बसते ते वकील सांगतील. पण तीन वर्षांच्या शेजाऱ्याच्या मुलाला, त्याच्या आईला न विचारता, मनोऱ्यावरून आत्म्याची फळं भरवणं हे मला ख्रिस्ती वाटत नाही. आम्ही या देशात अल्पसंख्य आहोत. उद्या कुणी आमच्या मुलांच्या ठोकळ्यांवर त्यांच्या पोथीतले श्लोक चिकटवले तर आम्ही किती पत्रं लिहू? दार उघडं ठेवून, पालकांच्या माहितीने, मंडळीच्या खोलीत रविवारी जे चालेल ते चालू दे. सोमवारी मनोरा कोरा असावा.

शिवाय खर्च. ऑनलाइन मिळणारे ‘ख्रिस्ती मॉन्टेसरी’ संच काही हजारांच्या घरात आहेत, त्यातले मेंढपाळ निळ्या डोळ्यांचे. ताराबाई मोडकांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं, १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला वारली पाड्यांत काम केलं. परदेशी साहित्य परवडत नाही म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. खडे, बिया, शिंपले, पानं घेऊन त्यांनी तेच तत्त्व चालवलं. आम्हा नगरच्या ख्रिस्ती माणसांना मोहरी विकत आणावी लागत नाही आणि मेंढपाळ तर दिवाळीनंतर रस्त्यानेच जातात. मुलांना वाटेवर थांबवून दाखवा. कुंडीत मोहरी पेरा, तीन-चार दिवसांत वर येते. मुलं रोज बोट लावून बघतात, काही रोपं त्यात मरतात, पुन्हा पेरायची.

यंदा नाताळच्या आठवड्यात पाठांतर स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं आहे. मी येणार नाही असं पाळकसाहेबांना कळवलं आहे. त्याच तासाला मागची खोली उघडी असेल. पुरवणीचे लेखक, दोन्ही पत्रलेखक, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना यायचं त्यांनी यावं. भिंतीकडेच्या बाकावर जागा आहे. अट एकच : मुलांचं काम चाललं असताना कुणीही त्यांना काही समजावून सांगायचं नाही.

आपली,
एक निवृत्त बालशिक्षिका,
अहिल्यानगर